अंबिकाची तोंडी परीक्षा

अंबिकाबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. दोन वर्षं ती दुपारच्या सुट्टीत माझ्या लॅबमध्ये बसून डबा खात होती. तरी तिला भावंडं किती, तिला कुठली भाजी आवडायची, तिचा वाढदिवस कधी, यातलं काहीही मी सांगू शकणार नाही. मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. दोन वर्षांत मिळून ती माझ्याशी पन्नासेक वाक्यं बोलली असेल. तेवढ्यावर माणूस कळतो का, मला शंका आहे. आज ती कुठं आहे तेही मला नक्की माहीत नाही. घरचे लोक पैठणकडं गेले असं कुणीतरी सांगितलं, एवढंच.

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी हे लिहायला मला करुणा मॅडमनी सांगितलं. मॅडम रसायनशास्त्र शिकवतात. त्यांच्या लॅबमध्ये मी एकतीस वर्षं परिचर होतो. या अंकात प्राध्यापक लिहितात, मुलं कविता देतात. लॅबच्या मामानं काही लिहिल्याचं मला आठवत नाही. मी दोनदा नको म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "मामा, तुम्ही नाही लिहिलं तर हे कुणाला कळणारच नाही." ते खरं आहे. म्हणून लिहितो. तिचं आडनाव आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

आमचं कॉलेज औरंगपुऱ्यात, दुकानांच्या मागच्या अंगाला. लॅब तिसऱ्या मजल्यावर. खाली गाड्यांचे हॉर्न, साड्यांच्या दुकानांतली गर्दी, आणि वर आलं की अॅसिडचा वास आणि गळक्या नळाचा आवाज. नवीन मुलांना तो वास सहन होत नाही. मला मात्र घरी गेल्यावर चुकल्यासारखं व्हायचं.

अकरावीचे वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झाले असतील. दुपारच्या सुट्टीत मी बाटल्या पुसत होतो. दारात एक मुलगी उभी होती. हातात कापडात बांधलेला डबा. आत येईना, जाईना. मी बाटल्या पुसत राहिलो. अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलणं मला अजूनही जमत नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती खाली मान घालून म्हणाली, "मामा, इथं बसू का?"

"बस की," मी म्हणालो.

ती आतल्या लहान खोलीत गेली, जिथं आम्ही द्रावणं तयार करून ठेवतो. भिंतीकडं तोंड करून बसली आणि भराभर भाकरी खाल्ली. माझ्यापासून तोंड लपवत होती म्हणून मी खिडकीकडं वळलो. पुढं दोन वर्षं आमचं असंच चाललं. तिचं तोंड भिंतीकडं, माझं खिडकीकडं.

ती करमाडजवळच्या एका वाडीवरून यायची. घरची मेंढरं होती, ती आजीआजोबा बघायचे. बाप हनुमान, ज्याला ती आबा म्हणायची, शेंद्र्याच्या एका कंपनीत माल चढवण्या-उतरवण्याचं काम करायचा. मुलींना एसटीचा पास फुकट असल्यानं तिचं येणं-जाणं जमलं होतं. स्टँडपासून कॉलेजपर्यंत शेअर रिक्षा होती. पण रिक्षात "इथं थांबवा" म्हणावं लागतं, आणि ते तिला म्हणता यायचं नाही. दुसरं कुणी उतरेल तिथं ती उतरायची. कधी रिक्षा तिला पार पुढं घेऊन जायची, मग ती उलटी चालत यायची. शेवटी तिनं रिक्षाच सोडली आणि रोज चालत यायला लागली. हे तिनं मला सांगितलं नाही. एकदा पावसाळ्यात ती गुडघ्यापर्यंत चिखलानं भरून आली, तेव्हा वर्गातल्या श्रेयानं सांगितलं.

श्रेया बडबडी मुलगी. एकदा लॅबमध्ये डोकावून म्हणाली, "मामा, तुमची असिस्टंट आमच्याशी बोलत नाही. तुमच्याशी तरी बोलते का?"

"मी कुठं कुणाशी बोलतो," मी म्हणालो.

"अवघडच आहे तुमचं दोघांचं! आतमध्ये बाटल्याच बोलत असतील मग."

अंबिका आतल्या खोलीत होती. तिला ऐकू गेलं असणार.

तिनं दिवस काढायच्या बऱ्याच युक्त्या केल्या होत्या. मला त्या हळूहळू दिसत गेल्या. ती वर्गात सगळ्यांच्या आधी येऊन बसायची, म्हणजे आत शिरताना कुणी बघू नये. हजेरीत आपला नंबर यायच्या आधीच हात वर धरून ठेवायची, म्हणजे "हजर" म्हणायची वेळ येऊ नये. हजेरी घेणारे नवे सर मान वर करून बघायचे नाहीत, त्यामुळे कित्येक दिवस ती वर्गात असून गैरहजर लागली. काही विचारायचं असलं की ते तळहातावर लिहून आणायची आणि न विचारता नळाखाली धुऊन टाकायची. आणि फारच जड झालं की माझ्याकडं येऊन टेस्ट ट्यूब धुवायची. मी सांगितलेलं नसायचं. ब्रश घालून एकेक नळी धुवायची, उजेडाकडं धरून बघायची, स्टँडवर उलटी लावायची. पन्नास-साठ नळ्या झाल्या की तिचा श्वास जरा सावकाश व्हायचा. मग वर्गात जायची.

मला हे विचित्र वाटलं नाही. मी चौथीत असताना गुरुजींनी धडा वाचायला उभं केलं की माझी दातखीळ बसायची. गुरुजी मारायचे, मुलं हसायची. मी सातवीत शाळा सोडली, ती त्याच भीतीनं. घरच्यांना वाटलं अभ्यास जमत नाही. पुढं लॅबमध्ये चिकटलो आणि सुटलो. काचेची भांडी काही विचारत नाहीत. म्हणून ती आली तेव्हा मला वाटलं, बसू दे इथं, कुणाला त्रास आहे? तिच्यासाठी मी काही चांगलं करतोय असंच वाटायचं.

करुणा मॅडमना ते पटत नव्हतं. त्या एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मामा, तिला इथं लपू देऊ नका हो."

"लपत नाही मॅडम, काम करते."

"तेच तर. काम करत लपते. थोडं थोडं बाहेर काढलं पाहिजे तिला."

मी मान हलवली आणि काही केलं नाही.

बारावीच्या डिसेंबरात सराव प्रॅक्टिकल होतं. अंबिका आली, कोट घातला आणि लॅबच्या बाहेर जिन्यात बसून राहिली. मॅडमनी बोलावलं तर हात गार पडलेले, ओठ पांढरे. प्रॅक्टिकल झालंच नाही. त्यानंतर आठ दिवस ती कॉलेजला आली नाही. मॅडमनी घरी फोन लावला तर बाप म्हणाला, "पोट दुखतंय म्हणती. नुसती झोपून राहती. जेवत बी नाय धड."

आठ दिवसांनी आली तेव्हा डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी विचारलं, "बरं नव्हतं का?"

"झोपूनच होते," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "उठायचं कशाला तेच कळत नव्हतं, मामा."

मी तिच्यासमोर नळ्यांचा स्टँड सरकवला.

फेब्रुवारीत बोर्डाचं प्रॅक्टिकल. बाहेरून परीक्षक येणार, ते प्रत्येकाला समोर उभं करून तोंडी प्रश्न विचारणार. तोंडीचे गुण थोडेच असतात, पण गैरहजर राहिलं तर सगळं गेलं. अंबिका म्हणाली, "मी येणार नाही प्रॅक्टिकलला."

"मग वर्ष जाईल."

"आबा म्हणलेत, वर्ष गेलं तर बस झालं शिक्षण."

"मग?"

ती नळी धूत राहिली. मग म्हणाली, "मला रक्त तपासायच्या लॅबचा कोर्स करायचा होता. तिथं माणसं नसतात ना जास्त? बाटल्याच असतात."

तिनं आपल्याविषयी मला सांगितलेली एवढीच एक इच्छा. मला त्याच दिवशी कळलं की ही मुलगी इतकी चालून, इतकं घाबरून कॉलेजला का येत होती.

मी ते मॅडमना सांगितलं. मॅडमनी बेत आखला. जानेवारीत सुट्टीतली वीस मिनिटं. पहिल्या आठवड्यात अंबिकानं उत्तरं मला सांगायची. दुसऱ्या आठवड्यात माझ्यासमोर मॅडमना. मग एकट्या मॅडमना, परीक्षकासारखं टेबलापलीकडं बसवून. मग आणखी एका मॅडमना. पाच प्रश्न ठरलेले, तेच पुन्हा पुन्हा. मॅडमनी ते मला मोठ्या अक्षरांत लिहून दिले होते.

पहिल्या दिवशी मी परीक्षकाच्या खुर्चीत बसलो. समोर ती कोट घालून उभी. कागद हातात असून मला पहिला प्रश्न वाचता येईना. मी कागदाकडं बघत राहिलो आणि ती माझ्याकडं. दोन मिनिटं गेली असतील.

"मामा," ती हळूच म्हणाली, "प्रश्न तुम्ही विचारायचाय."

आणि ती हसली. आवाज करून. तिचा हसण्याचा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही. मीही हसलो. मग मी विचारलं, "या प्रयोगात वेगळा निर्देशक का टाकत नाही?" आणि ती म्हणाली, "परमँगनेटचा रंगच आपल्याला खूण देतो." सबंध वाक्य.

जानेवारीच्या शेवटी ती मॅडमना पाचही उत्तरं देत होती. आवाज बारीक, नजर टेबलावर, पण देत होती. मॅडम मला म्हणाल्या, "बघा, जमतंय." मला मात्र तिचे पाठीमागं धरलेले हात दिसायचे. एक हात दुसऱ्याचं मनगट दाबून धरायचा, इतका की तिथं पांढरा वळ उठायचा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती सुट्टीत आली. खाल्लं काहीच नाही. म्हणाली, "मामा, उद्या मला सुचणार नाही."

"सुचेल."

"नाही सुचणार."

तिचे डोळे बघून माझ्या तोंडून गेलं, "तू ये फक्त. तोंडीचं मी बघतो."

काय बघणार होतो ते मलाही माहीत नव्हतं.

आता इथं लॅबची एक रीत सांगायला हवी. बाहेरचे परीक्षक आले की त्यांच्या टेबलाशी चहा-नाश्ता घेऊन परिचर उभा असतो. कप ठेवताना तो वाकतो आणि हळूच कानाशी काही सांगतो. "सर, ह्याचे वडील मागच्या महिन्यात वारले." "सर, ही तापातून उठून आलीय." परीक्षक मान हलवतात आणि एखादा प्रश्न सोपा विचारतात. सगळीकडं चालतं. कुणी खोटंही सांगतं, पण ते सहसा कुणी शोधायला जात नाही. मी एकतीस वर्षांत परीक्षकाच्या कानाशी एक शब्द बोललो नव्हतो. प्रामाणिक होतो म्हणून नव्हे. धीर होत नव्हता म्हणून.

परीक्षक वैजापूरकडच्या एका कॉलेजातून आले होते. पांढरे केस, मऊ बोलणं. अंबिकाचा प्रयोग छान झाला. ब्युरेटचं वाचन एकदम बरोबर. तोंडी सुरू झाली. तिच्या आधीची तीन मुलं झाली. तिचा नंबर यायला आणि मॅडमना प्राचार्यांचं बोलावणं यायला एकच गाठ पडली. मॅडम जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आले मी. घाबरू नकोस."

ती टेबलासमोर उभी राहिली. हात मागं. मी चहा घेऊन बाजूला. परीक्षकांनी जर्नल चाळलं, मान वर केली, आणि मॅडमनी शिकवलेल्या पाचातलाच प्रश्न विचारला.

ती गप्प होती. किती वेळ? मला तो फार वाटला. दहा सेकंदही असतील. तिचं मनगट पांढरं पडलेलं दिसत होतं. तिचे ओठ हलत होते. बोलण्यासाठी हलत होते की थरथरत होते, हे मला आजही ठरवता येत नाही. मी तीन वर्षं तेच ठरवत बसलोय.

मी कप ठेवायला वाकलो आणि म्हणालो, "सर, ती मुकी आहे. जन्मापासून."

परीक्षकांचा चेहरा एकदम बदलला. "अरे अरे," ते म्हणाले. त्यांनी कोरा कागद घेतला, त्यावर मोठ्या अक्षरांत प्रश्न लिहिला, जणू तिला ऐकूही येत नसावं, आणि कागद तिच्याकडं फिरवला. अंबिकानं कागद बघितला. मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, सुटलेल्या माणसासारखं बघितलं. पण मी माणसांच्या नजरा वाचण्यात हुशार नाही. त्या प्रश्नाचं आणि मग लिहून विचारलेल्या बाकीच्यांचं, सगळ्यांचं उत्तर तिनं लिहिलं. परीक्षकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मॅडम परत आल्या तेव्हा ती ब्युरेट धूत होती. मॅडमनी विचारलं, "झालं?" तिनं मान हलवली. मॅडम खूश झाल्या. मी खिडकीकडं गेलो.

परीक्षक मनानं फार चांगले होते, त्यानंच सगळं झालं. जाता जाता ते प्राचार्यांना म्हणाले की मुकी मुलगी विज्ञान शाखेत इतकं छान करते, तिच्यासाठी बोर्डाकडून लेखी परीक्षेला जादा वेळ मिळू शकतो, तुम्ही अर्ज केला नाही का? प्राचार्यांनी ऑफिसात विचारलं. हेडक्लार्क आप्पासाहेब वर लॅबमध्ये आले.

"काय रे बद्री, दोन वर्षं आपल्याकडं मुकी पोरगी आहे आणि मलाच पत्ता नाही? फॉर्मवर तर काही लिहिलेलं नाही."

"असंल," मी म्हणालो.

"असंल काय? मुकी आहे का नाही?"

"मला काय माहीत, साहेब."

"तुझ्याच लॅबमध्ये बसते ना रोज? बरोबर आहे म्हणा, तू कधी तोंड उघडलंस तर तुला कळणार समोरचा मुका आहे का बोलका!" असं म्हणून ते हसत खाली गेले आणि त्यांनी हनुमानला फोन केला. मुलीचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट घेऊन या.

करुणा मॅडम त्या आठवड्यात दुसऱ्या कॉलेजात परीक्षक म्हणून गेल्या होत्या. त्या असत्या तर, असं मी पुष्कळदा म्हणतो. पण मी तर होतो.

हनुमान तिसऱ्या दिवशी कंपनीच्या कपड्यांतच आला. अंबिकाला वर्गातून बोलावलं. मी आप्पासाहेबांचा चहा घेऊन गेलो होतो, तो दारातच थांबलो.

"मुकी? माझी पोर?" हनुमान म्हणत होता. "साहेब, कुणी सांगितलं तुम्हाला? मेंढरांवर वरडली तर पल्याडच्या शिवारात ऐकू जातंय. तुमची कायतरी गफलत झाली."

"मग झालीच असंल. आपण आत्ता मिटवू." आप्पासाहेबांनी चष्मा वर केला. "बोल गं बाई. तुझं नाव सांग. एवढंच."

ऑफिसात दोन क्लार्क होते, फी भरायला आलेली चार-सहा मुलं होती. सगळे बघायला लागले.

"सांग की अंबे," बाप म्हणाला. "लाजती कशाला? नाव सांग."

ती बोलली असती तर पुढचा प्रश्न एकच होता. मग परीक्षकांना खोटं कुणी सांगितलं? ते तिला कळलं होतं. मी मे महिन्यात निवृत्त होणार आणि चौकशी लागली तर माझं पेन्शन अडकणार, हे तिला माहीत होतं. हे मी आता माझ्या मनानं जोडत असेन. कदाचित ती नुसती घाबरली असेल, इतक्या लोकांसमोर. पण तिनं मान वळवून दाराकडं, माझ्याकडं बघितलं, हे मी जोडलेलं नाही. ते खरं आहे. मग तिनं खाली बघितलं आणि ओठ घट्ट मिटले.

"अंबे!" बापानं तिचा दंड हलवला. "बोल की गं! घरी तर बोलती. ह्या माणसांसमोर मला खोटं पाडती व्हय?"

ती बोलली नाही. माझ्या हातात ट्रे होता. मला फक्त म्हणायचं होतं, साहेब, मी सांगितलं, मी खोटं बोललो. मी शब्द जुळवले होते. ते तोंडात आले होते. चौथीतल्या धड्यासारखेच ते तिथंच राहिले.

हनुमानचा आवाज बसला. तो आप्पासाहेबांना म्हणाला, "परवापर्यंत बोलत होती हो साहेब." त्याच्या चेहऱ्यावर राग उरला नव्हता. भीती होती. आप्पासाहेबांनाही कसंतरी झालं. "जाऊ द्या," ते म्हणाले, "सर्टिफिकेटचं राहू द्या. पेपरला बसू द्या तिला." बाप तिचं मनगट धरून जिना उतरून गेला. मी चहा टेबलावर ठेवला. आप्पासाहेब म्हणाले, "साय आली रे याच्यावर." मी दुसरा करून आणला.

लेखी परीक्षेचं केंद्र दुसरीकडं होतं, त्यामुळे ती मला दिसली नाही. मॅडमनी परत आल्यावर दोनदा फोन केला. बाप म्हणाला, पेपर देतीय, पण बोलत नाय आता, घरी बी नाय. मॅडमना वाटलं परीक्षेचा ताण असेल. मी त्यांना काही सांगितलं नाही.

निकाल लागला. अंबिका पास झाली, चौसष्ट टक्के. मार्कशीट न्यायला कुणी आलं नाही.

माझ्या निरोपाच्या दिवशी, हार-नारळ झाल्यावर, रिकाम्या लॅबमध्ये मी मॅडमना सगळं सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला. मॅडम स्टुलावर बसून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मामा, ती तयार होती."

मी गळका नळ घट्ट पिळायला लागलो.

"दहा सेकंद थांबायला हवं होतं हो," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कपाटातून मार्कशीट काढून मला दिली. एका चिठ्ठीवर घाटीतल्या, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या, मनाच्या डॉक्टरांचं नाव आणि वार लिहून दिला. "तुम्हीच घेऊन जा. आणि तिला सांगा. जे मला सांगितलं ते तिला सांगा, तिच्या वडिलांसमोर."

जूनमध्ये मी गेलो. करमाडला उतरून वाडीपर्यंत अर्धा तास चालावं लागतं. हनुमान कामावर गेला होता. तिची आजी आक्काबाई ओसरीवर बसली होती. कॉलेजातून आलोय म्हटल्यावर तिनं मला खाली-वर बघितलं.

"तिथंच गेली तिची वाचा," ती म्हणाली. "चांगली बोलती पोर दिली व्हती आम्ही."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"देवऋषी झाला, दोरा झाला. लोक बघाया यायचे, बोल बोल म्हणायचे. आता कुणी इचारत नाय. तिलाबी तेच बरं वाटतंय. दुपार दुपार निजून राहती. मेंढरांमागं गेली तर नुसती शिट्टी वाजविती."

मी चिठ्ठी दिली आणि डॉक्टरांचा वार सांगितला. तिनं ती कनवटीला लावली. "बघू. पोराला इचारते," म्हणाली.

अंबिका मेंढरांच्या वाड्याच्या काटेरी कुंपणापाशी कोकरांना पाला घालत होती. मला बघून उभी राहिली. बारीक झाली होती. ओढणीला हात पुसून तिनं मार्कशीट घेतली. रसायनशास्त्राच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. प्रॅक्टिकल, तीसपैकी तीस. ते बोट तिथंच राहिलं बराच वेळ. मग तिनं कागद घडी न घालता आजीकडं नेऊन दिला.

मी सांगणार होतो. बाप नसला तरी तिला सांगणार होतो. एसटीत सबंध रस्ता मी वाक्यं म्हणत आलो होतो. कोकरं पाला ओढत होती. आजी बघत होती. मी म्हणालो, "पास झालीस. चांगलं झालं." आणि निघालो.

ती रस्त्यापर्यंत माझ्यामागं आली, दहा पावलं अंतर ठेवून. मध्ये मी दोनदा थांबलो, तर तीही थांबली. जालना रोडला लागलो तेव्हा आजूबाजूला कुणी नव्हतं. ट्रक जात होते. मी रस्त्याच्या कडेला लिंबाच्या सावलीत गाडीची वाट बघत उभा राहिलो. आता सांगू, ही गाडी गेली की सांगू, असं करत चार-पाच गाड्या गेल्या. ती मागं उभी होती. मग ती दोन पावलं पुढं आली.

"मामा, इथं जालन्याच्या गाड्या थांबतात," ती म्हणाली. आवाज होता तसाच होता, बारीक. "शहराची गाडी पलीकडून मिळंल."

"हो का," मी म्हणालो. "बरं."